"चाकू कशाला पायजे?" म्हणणाऱ्याच्या खिशात चाकू कसा टिकवायचा

आमच्या आबांना मी पहिल्यांदा घडीचा चाकू दिला तेव्हा त्यांनी तो उघडला, पातं उलटसुलट बघितलं, मिटला आणि परत माझ्याच हातात ठेवला. "घरात विळी हाय, खोपीत विळा हाय, खुरपं हाय, कोयता हाय, आणि हे खिशात घालून मी काय करू सांग बघू?" आणि खरं सांगायचं तर त्यांचं काही चुकलं नव्हतं, बेळगावच्या खानापूर तालुक्यातल्या कुठल्याही घरात जावा, धारेच्या वस्तूंना तोटा नाही. पण विळी स्वयंपाकघरात, कोयता खोपीत, आणि काम निघतं ते बांधावर, बस स्टँडवर, मार्केट यार्डात, टेम्पोच्या मागे. तिथं मग माणूस काय करतो, दात लावतो. नाहीतर किल्लीनं टोचत बसतो, नाहीतर खिशात दाढीचं अर्धं ब्लेड कागदात गुंडाळून ठेवलेलं असतं आणि ते बोटाला लागतं.

त्यानंतर आजपर्यंत मी घरातल्या आणि गल्लीतल्या सात-आठ जणांच्या खिशात चाकू घातलाय, दोघांनी परत दिला, बाकीच्यांकडे अजून आहे आणि रोज वापरात आहे. त्यातून जे कळलं ते सगळं लिहितो, कारण बरेच जण हौसेनं चाकू भेट देतात आणि तो कपाटात पडून राहतो, मला ते बघवत नाही.

सगळ्यात आधी चाकू विकत घेऊच नका. एक आठवडा नुसतं बघा की तो माणूस दातानं काय काय तोडतो. आईचं मी असं बघितलं, नंदिनीच्या दुधाची पिशवी, गोळ्यांची स्ट्रिप, ब्लाउजचा लोंबणारा दोरा, गजऱ्याचा दोरा, मसाल्याचं पाकीट. यातल्या एकाही कामाला लांब पातं लागत नाही, कात्री लागते. मेव्हणा टेम्पो चालवतो, त्याचं वेगळं, नायलॉनची दोरी, बॉक्सची टेप, ताडपत्रीची सुतळी. आबांचं युरियाचं ४५ किलोचं पोतं, रताळ्याचे वेल, ठिबकची १६ एमएमची लॅटरल म्हणजे नळी. तीन माणसं, तीन वेगळे चाकू. आपल्याला जो आवडतो तोच दुसऱ्याला द्यायचा ही पहिली चूक, मी आबांना दिलेला पहिला चाकू चांगला हातभर दिसणारा, काळ्या मुठीचा होता, मला आवडलेला. परत आला ते बरोबरच झालं.

दुसरं म्हणजे भीती. आपल्याकडे चाकू म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर सिनेमातला गुंड येतो, खटकन उघडणारा रामपुरी येतो. उत्तर प्रदेशातल्या रामपूरच्या कारागिरांचं ते नावाजलेलं काम, पण नाव मात्र मारामारीशी चिकटलं. म्हणून न पटलेल्या माणसाला बटनाचा नको, काळा नको, दातेरी पात्याचा नको, एका हातानं झटक्यात उघडणारा तर मुळीच नको. नखाच्या खाचेत नख घालून दोन हातांनी सावकाश उघडायचा असला पायजे. रंग लाल, पिवळा, निळा चालेल. असला चाकू तुम्ही बस स्टँडवर पेरू कापायला काढला तर शेजारची बाई सरकून बसत नाही, उलट "जरा हे पाकीट फोडून द्या की ओ" म्हणते.

स्विस चाकूची गोष्ट मी मुद्दाम सांगतो कारण आमच्या बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर, गावागावात रिटायर्ड फौजी, त्यांना ही गोष्ट पटकन पटते. कार्ल एल्सेनर म्हणून एक माणूस, त्यानं स्वित्झर्लंडमध्ये श्वीत्स भागातल्या इबाख गावात १८८४ साली चाकूचा कारखाना काढला. स्विस सैन्याला तेव्हा सैनिकासाठी घडीचा चाकू पायजे होता, पण कशासाठी, तर डबा उघडायला आणि नव्या रायफलीचे स्क्रू खोलायला. लढायला नव्हे. पहिली खेप जर्मनीतल्या झोलिंगेनहून आली कारण एवढा माल करायची ताकद स्वित्झर्लंडमध्ये तेव्हा नव्हती, मग १८९१ मध्ये एल्सेनरनं आपला माल द्यायला सुरुवात केली. त्या चाकूत चारच गोष्टी होत्या, पातं, आर म्हणजे भोक पाडायची टोचणी, डबा उघडायचं आणि स्क्रू ड्रायव्हर. १८९७ ला त्यानं अधिकाऱ्यांसाठी हलका, जास्त अवजारांचा चाकू नोंदवला, आज लाल रंगात दिसतो त्याचा तो पूर्वज. पुढं आईच्या नावावरून व्हिक्टोरिया, आणि न गंजणाऱ्या पोलादाला म्हणतात इनॉक्स, दोन्ही जोडून १९२१ ला व्हिक्टोरिनॉक्स झालं. आमच्या गल्लीतल्या एका सुभेदार काकांना एवढं सांगितलं आणि त्यांनी स्वतःच विचारलं, आर कुठाय दाखव.

त्या आरेबद्दल थोडं सांगतो. अथणी-निपाणीकडं कोल्हापुरी चपला बनतात, २०१९ ला त्यांना जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातले चार जिल्हे आहेत आणि आपलं बेळगाव त्यात आहे. ते कारागीर रापीनं चामडं कापतात आणि आरीनं भोक पाडतात. चाकूतली आर म्हणजे तीच, छोटी. पट्ट्याला एक भोक जास्त पाडायचं, बैलाच्या किंवा कुत्र्याच्या पट्ट्याला पाडायचं, ताडपत्रीला दोरीसाठी पाडायचं, असल्या कामाला लोक खिळा आणि दगड शोधत फिरतात. ज्याला चामड्याचं काम माहीत आहे त्याला पातं दाखवू नका, आर दाखवा.

आता कुठला कुणाला. घरातल्या बाईमाणसाला किंवा वयस्कर माणसाला स्विसमधला मिटल्यावर ५८ एमएम लांबीचा छोटा, क्लासिक म्हणतात तो, त्यात लहान पातं, कात्री, नखाची कानस, चिमटा, टूथपिक. वजन वीस-बावीस ग्रॅम, बटव्यात पडला तर कळत पण नाही. शेतकरी, टेम्पोवाला, वायरमन यांना ९१ किंवा ९३ एमएमचा, पातं एक, आर, डबा उघडायचं, एवढंच. १५ अवजारांचा जाड गठ्ठा देऊ नका, खिसा लोंबतो आणि दुसऱ्या दिवशी माणूस तो फळीवर ठेवतो, तिथून तो परत खिशात येत नाही. डबा उघडायच्या अवजाराचं टोक अधिकच्या चिन्हासारख्या खाचेच्या स्क्रूला बसतं हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, ते जरूर दाखवा.

फ्रान्सचा ओपिनेल पण खूप छान आहे, जोसेफ ओपिनेलनं सावोय भागात १८९० ला सुरू केला, लाकडी मूठ, आठ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटर, आणि १९५५ पासून गळ्याशी एक फिरती कडी असते ती फिरवली की पातं अडकून राहतं. फळं-भाजी कापायला इतकं पातळ पातं दुसरीकडं सहसा मिळत नाही. पण लाकूड पाण्यानं फुगतं आणि पातं मुठीत घट्ट बसतं, सावोयचे लोक मग मुठीचं बूड टेबलावर ठोकून पात्याचं टोक बाहेर काढतात. आमच्याकडं कणकुंबी, जांबोटीच्या बाजूला जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत तिथं लाकूड काय वाळणार. म्हणून माझं मत असं, खानापूरच्या पावसात प्लास्टिक किंवा अॅल्युमिनियमची मूठ, आणि अथणी, रायबाग, कागवाडच्या कोरड्या बाजूला लाकडी मूठ आनंदानं घ्या.

ब्रँडेडच पायजे असं पण नाही. बाजारातला साधा घडीचा चाकू असेल तर दुकानातच तीन गोष्टी बघा, उघडल्यावर पातं डावी-उजवीकडं हलतं का, मिटताना पाठीची स्प्रिंग खटकन ओढून घेते का, आणि मिटल्यावर टोक मुठीच्या बाहेर राहतं का. टोक बाहेर असेल तर कितीही स्वस्त असू दे ठेवून या, ते टोक खिसा फाडतं आणि नंतर बोट.

आता धार. माझ्या मते निम्मे लोक चाकूला नाही, बोथट चाकूला नावं ठेवतात. नवा चाकू पण देण्याआधी स्वतः धार लावूनच द्या. मी उद्यमबागला मशीन शॉपमध्ये काम करतो त्यामुळं हे जरा लांबण लावून सांगणार आहे, ज्याला येतंय त्यानं पुढं जावा.

दोन बाजूंचा कार्बोरंडमचा दगड घ्या, एक बाजू खरबरीत, एक बारीक. वरून पाणी मारा आणि खाली ओलं फडकं टाका म्हणजे दगड सरकत नाही. पातं दगडावर आडवं ठेवा, मग पाठीची बाजू थोडी उचला. किती उचलायची ते असं, पात्याच्या रुंदीच्या पाव ते एक तृतीयांश, म्हणजे १२ एमएम रुंद पातं असेल तर ३ ते ४ एमएम, एक रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवली की साधारण तेवढी उंची होते. यानं कोन १५ ते २० अंशात बसतो. सुरुवातीला विश्वास बसत नसेल तर धारेच्या कडेला मार्कर पेनानं काळं करा आणि दोनदा घासून बघा, काळं फक्त वरचं, पाठीकडचं गेलं तर पाठ फार खाली आहे, फक्त अगदी कडेचं गेलं तर फार उचलली आहे, सगळं सारखं गेलं की बरोबर.

मग दगडाच्या खरबरीत बाजूवर पात्याची एकच बाजू घासत राहा, मुठीपासून टोकापर्यंत, जोर न लावता, आणि मध्ये मध्ये दुसऱ्या बाजूनं अंगठा पात्याच्या पाठीकडून धारेच्या बाहेर असा आडवा ओढून बघा, धारेवरून लांबीत कधीच नाही. बारीक खरखर लागली, केसासारखी, की थांबा. आमच्याकडं मशीनवर त्याला बर म्हणतात, लेथवर काम केलेल्या कुणालाही हा शब्द विचारा. बर आली म्हणजे पोलाद कडेपर्यंत घासलं गेलं. पूर्ण लांबीत बर आल्याशिवाय बाजू बदलायची नाही, इथंच सगळे घाई करतात आणि म्हणतात धारच लागत नाही. दुसऱ्या बाजूनं तसंच करा, मग बारीक दगडावर एकदा ही बाजू एकदा ती बाजू, दर वेळी जोर कमी कमी करत. शेवटी जुन्या चामड्याच्या पट्ट्याच्या उलट्या बाजूवर, पाठ पुढं आणि धार मागं अशी वीसेक वेळा ओढा. धार पुढं करून ओढली तर पट्टा कापला जाईल.

तपासायला अंगठा नको, तरुण भारतचं एक पान हातात उभं धरा आणि वरून खाली कापा, फाटत गेलं तर परत बारीक दगडावर, सरळ गेलं तर झालं. टोमॅटोवर न दाबता ठेवलं आणि साल धरली तर उत्तमच.

दगड नसेल तर घरातला चिनी मातीचा कप उलटा करा, बुडाला जी खरबरीत न रंगवलेली कडी असते तिच्यावर चार-पाच वेळा हलक्यानं ओढलं तरी बोथट चाकू वेळेपुरता जागा होतो. पण सायकलवर चाक फिरवत धार लावणारे येतात त्यांच्याकडं विळा, कोयता द्या, हे छोटं पातं देऊ नका, कोरड्या चाकावर पातळ पोलाद एका क्षणात तापतं, निळं पडलं की त्या जागेचं पाणी, म्हणजे कडकपणा, गेला, परत धार टिकत नाही. स्विस पात्यांचं पोलाद ५६ रॉकवेलच्या आसपास असतं, रॉकवेल म्हणजे कडकपणाचं माप, फार कडक नाही म्हणून साध्या दगडावर लागतं, आणि तेवढ्यासाठीच नवख्या माणसाला ते मला चांगलं वाटतं.

चाकू द्यायचा कसा याला पण महत्त्व आहे. आमच्यात सुरी-कात्री हातातून हातात देत नाहीत, भांडण होतं म्हणतात, खाली ठेवायची आणि दुसऱ्यानं उचलायची. हे पाळा. एक तर समोरच्याच्या मनाला बरं वाटतं, आणि दुसरं म्हणजे धारेची वस्तू देण्याघेण्यात कुणाला लागत नाही, जुन्या लोकांनी ते कशासाठी ठेवलं असेल ते ठेवलं असेल, पद्धत बरोबर आहे.

आणि भाषण देऊ नका. मी पहिल्यांदा आबांना अर्धा तास फायदे सांगितले आणि ते उठून गोठ्यात गेले. दुसऱ्यांदा वेगळं केलं. आमच्याकडच्या शेतकऱ्याच्या करदोड्याला नाहीतर गळ्यातल्या दोऱ्याला काटा काढायचा चिमटा आणि कानकोरणं अडकवलेलं असतं, आबांच्या पण होतं, चिमटा झिजून टोकं जुळत नव्हती. मी त्याच दोऱ्यात छोट्या चाकूची कडी ओवली आणि एवढंच म्हणालो की ह्यात चिमटा चांगला आहे. बास. चारेक दिवसांनी बाभळीचा काटा भरला तेव्हा चिमटा वापरला, मग कात्रीनं नख काढलं, पातं उघडायला तब्बल दोन आठवडे लागले. म्हणजे नवीन सवय लावायला जाऊ नका, जी सवय आहे तिला चाकू जोडा. पान खाणाऱ्याच्या चंचीत, किल्ल्यांच्या जुडग्यात, आईच्या बटव्यात, बंडीच्या आतल्या खिशात. ज्या जागेला त्यांचा हात रोज जातो तीच जागा.

पहिलं पात्याचं काम असं द्या की ज्यात फरक लगेच दिसेल. आबांसाठी ते पोतं होतं. युरियाच्या पोत्याची शिलाई साखळीची असते, एका टोकाची गाठ चाकूच्या टोकानं बरोबर कापली आणि योग्य दोरा ओढला की सर्रकन सगळी शिलाई सुटते, पोतं फाटत नाही, परत रताळी भरायला उपयोगी पडतं. ओढून सुटलं नाही तर दुसऱ्या टोकाकडून करायचं, ती एकाच बाजूनं सुटते. विळ्यानं हे जमत नाही, विळा पोतं फाडतो. त्या दिवशी आबांनी ओळीनं सहा पोती उघडली आणि सहाही पोती घडी घालून ठेवली.

फणस कापायचा असेल तर आधी पात्याला आणि हाताला तेल लावा नाहीतर चीक सांध्यात जाऊन चाकू उघडायचाच बंद होतो. वायर सोलायला धार वापरू नका, तांब्यावर खाचा पडतात, बऱ्याच चाकूंत त्यासाठी खाच दिलेली असते. नारळ, हाडं, रंगाच्या डब्याचं झाकण उचकटणं, हे चाकूचं काम नव्हे.

सगळ्यात मोठा धोका एकच, या साध्या चाकूंत पातं अडकून राहत नाही, नुसती स्प्रिंग धरून ठेवते. टोकानं दाबून भोक पाडायला गेलात की पातं बोटावर मिटतं. मेव्हण्यानं प्लास्टिकच्या कॅनला भोक पाडताना असंच केलं आणि दोन टाके पडले. भोकाला आर वापरा, ती पण भोकात असताना मिटेल असा वाकडा जोर देऊ नका, आणि कापताना पातं अंगापासून लांब जाईल असं कापा.

देखभाल थोडीच. उसाचा रस, गूळ, चीक, तंबाखूची भुकटी सांध्यात बसली की कोमट पाण्यात बुडवून पाच-सात वेळा उघडा-मिटा, पुसा, पूर्ण वाळवा, सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, पात्यावरचं जास्तीचं पुसून टाका, फळ कापायच्या आधी पातं धुवा. खोबरेल घालू नका, चोवीस-पंचवीस अंशाखाली ते गोठायला लागतं आणि बेळगावची डिसेंबरची थंडी तुम्हाला माहीत आहे, चाकू सकाळी उघडतच नाही. साध्या कार्बन पोलादाचं पातं चिंच, कैरी, लिंबानं काळं पडतं त्याला घाबरू नका, तांबडं दिसलं तर मात्र गंज आहे, लगेच घासून काढा. वर्षातून एकदा सगळं नीट करायला आपल्याकडं खंडेनवमी आहेच, विळे-कोयते धुवून पूजेला लावतो त्याच दिवशी चाकू पण खोलून साफ करून लावा.

कुठं न्यायचा नाही ते पण बजावून सांगा, वयस्कर माणसं विसरतात. बेळगावच्या सांबऱ्याच्या विमानतळावर केबिन बॅगेत चालत नाही, मोठ्या बॅगेत टाकून चेक-इन करा. कोर्टात, सुवर्ण विधानसौधच्या बंदोबस्तात, मतदान-मतमोजणीला, मोर्चा, मिरवणुकीच्या गर्दीत खिशात नकोच. पोरांच्या शाळेच्या दप्तरात चुकून जाऊ नये म्हणून घरात त्याची जागा एकच ठेवा.

शेवटचं, चाकू हरवला तर लगेच नवा आणून देऊ नका. आबांचा मागल्या वर्षी रताळी काढताना पडला, मी काही बोललो नाही. पहिल्या दिवशी त्यांनी सरी सरी बघितली. दुसऱ्या दिवशी पोत्याची सुतळी दातानं तोडायला गेले आणि थांबले, आईकडून तिचा मागून घेतला, वापरला, परत दिला, संध्याकाळी परत मागितला. तिसऱ्या दिवशी मी कामावर निघालो तर गाडीजवळ येऊन पैसे पुढं केले. "तसलाच आण. लाल आण, मातीत दिसतोय."